झेस्टचं मूळ आणि काकूंचा वरणभात

शब्दाचा पिच्छा पुरवावा तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनीच. चोरांचा कुणी इतका पुरवला असता तर कोलकात्यातले तुरुंग अपुरे पडले असते. बँकेतून निवृत्त होऊन ते इथेच, कोलकात्याच्या बालीगंज भागात राहिले. पूर्वी सह्या तपासायचे, आता इंग्रजी शब्दांची कुळं तपासतात. सोसायटीच्या सभेत विषय होता बंद पडलेल्या लिफ्टचा. काकांनी पाऊण तास ‘लिफ्ट’ या शब्दाची वंशावळ सांगितली. तो म्हणे आकाशाच्या नात्यातला. लिफ्ट तशीच राहिली, आम्ही धापा टाकत जिने चढत राहिलो. काका मात्र आनंदाने चढायचे.

याच माणसाला गेल्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. काकू तापातून उठल्या, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. दोन घास खायच्या आणि खिडकीशी जाऊन गप्प बसायच्या. डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट सब ठीक हैं. बस, जीने का झेस्ट नहीं है.” झालं! औषधांची चिठ्ठी माझ्या हातात कोंबून काका ‘झेस्ट’च्या मागे लागले. मला खरंच राग आला. बायको वाळत चाललीय आणि हा गृहस्थ शब्दकोश चाळतोय!

त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारातून इथली प्रसिद्ध गंधराज लिंबं आणली. वरणभात, तूप आणि लिंबू एवढ्यावर काकू एरवी खूश असायच्या. औषधं द्यायला मी वर गेलो होतो; आपल्या रीतीप्रमाणे मीच फोड पिळली. बोटं दुखली, थेंब पडले चार. “नुसती साल! रस कुठंय?” म्हणत काकूंनी ताट सरकवलं. लिंबू पिळायचं आणि साल टाकायची, एवढंच आपल्याला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काका माझ्या दारात उभे.

“सापडलं! झेस्ट फ्रेंचांकडून आलाय. मूळ अर्थ काय, माहितीये? लिंबा-संत्र्याची साल! पेयात तिचा तुकडा टाकायचे, लज्जत यायची. सालीवरून लज्जत, लज्जतीवरून जगण्यातली गोडी. फ्रेंचांच्या मागे कुठून आला, ते कुणालाच ठाऊक नाही.”

“मग?”

“मग काय? गाढवासारखे रस पिळत बसलो आपण! चल वर!”

किसणी घेऊन त्यांनी गंधराजाची हिरवी साल वाफाळत्या वरणभातावर हलक्या हाताने किसली. घरभर वास दरवळला. काकू खिडकीजवळून आपणहून उठून आल्या. एक घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. बघता बघता ताट साफ.

“अहो, बघत काय बसलात? भात वाढा अजून.”

काकांनी असा काही डाव उचलला की जणू किल्लाच सर केलाय. आता व्याख्यान होणार म्हणून मी सरसावून बसलो. त्या दिवशी मी ते आनंदाने ऐकलं असतं. पण काका भात वाढून काकूंच्या शेजारी टेकले आणि त्यांना जेवताना पाहत राहिले. माझ्या कालच्या रागाची मला लाज वाटली, थोडा हेवाही वाटला. “येतो मी,” म्हटलं. ते त्यांना ऐकूही गेलं नाही.