नाव कमी करण्यास हरकत

“मयताचा दाखला कुठे जोडलाय?” आवक खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करीत विचारले.

“मॅडम, मयत तीनशे वर्षांपूर्वीची आहे,” मी नम्रपणे निवेदन केले.

नगरच्या कचेरीबाहेर मी बावीस वर्षे अर्जनवीस आहे. लोकांचे म्हणणे शासनाच्या भाषेत मांडणे हा माझा व्यवसाय. शिक्षण सातवी, तथापि माझा मसुदा सहसा परत येत नाही. त्या दिवशी आला.

पक्षकार होते काष्टीकडचे बबनराव, गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या गावच्या एका बाईंविषयी एकच ओळ होती: त्यांनी फौजेला नदी पार करायचा उतार दाखवला. गावाचे नाव छापून आले ते तेवढेच. नव्या अभ्यासक्रमाच्या मसुद्यात ती ओळ नव्हती, आणि हरकत नोंदवण्याचा तो शेवटचा दिवस होता.

मी सवयीने विषय लिहिला होता: ‘नाव कमी करण्यास हरकत.’ सातबाऱ्यावरून, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरून, एखाद्याचे नाव काढण्यास हाच शब्दप्रयोग आहे. खिडकीवरच्या बाईंना प्रकरण जमिनीचे वाटले.

“वारस कोण मग?”

“आख्खं गाव हाय की!” बबनराव कडाडले. “जमिनीतनं नाव काढताना वारसाला नोटीस देता. पुस्तकातनं काढताना गावाला का न्हाई?”

प्रश्न रास्त होता.

बबनरावांनी पाठबळासाठी आपले निवृत्त गुरुजी सोबत आणले होते. ते हळूच म्हणाले, “बबन, इतिहासाला पुरावा लागतो रे. त्या बाईंचा एकही कागद नाही.”

“गुर्जी, तुमीच शिकिवलं न्हवं आमाला?”

“पुस्तकात होतं, म्हणून शिकवलं.”

खरे असते म्हणून पुस्तकात येते, की पुस्तकात येते म्हणून खरे ठरते, याचा मला तेव्हा उलगडा झाला नाही, आजही नाही. घड्याळात पावणेपाच झाले होते. मी विषय खोडून ‘पाठातील ओळ कायम ठेवणेबाबत’ असे लिहिले. शिक्का मिळाला.

महिन्याने उत्तर आले: ‘आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे.’

बबनराव पेढे घेऊन हजर. “नोंद झाली! म्हंजी बाईचं नाव लागलं!”

जमिनीच्या कामी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. या पत्रात ‘नोंद’ म्हणजे काय, हे मला सांगता येईना. मी पेढा घेतला. नवे पुस्तक अद्याप आलेले नाही. गावात मात्र सत्कार उरकला आहे.

तात्पर्य, अर्ज कोणीही लिहावा; उत्तराचा अर्थ ज्याने ते पाठवले त्यालाच विचारावा. हे मी बबनरावांना पेढ्याआधी सांगावयास हवे होते.