पालखीपुढची हलगी

प्रज्ञा शाळेच्या लेझीम पथकात आहे, एवढंच खंडूला माहीत होतं. ती हलगी वाजवते हे त्याला कळलं ते स्नेहसंमेलनात, सगळ्या गावाच्या देखत.

मांडवात मागच्या रांगेला तो आणि केशरबाई बसले होते. लेझीमवाल्या मुली दोन रांगांनी स्टेजवर आल्या, मधे वाट झाली, आणि त्या वाटेनं गळ्यात हलगी अडकवलेली त्याची नात पुढं आली. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. पहिला ठोका पडला तसा केशरबाईनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला. पन्नास वर्षांचा संसार. तिला वाटलं, हा माणूस आता एक तर उठून जाणार, नाहीतर पोरीला सगळ्यांदेखत खाली ओढणार.

खंडू उठला नाही. तो ऐकत राहिला. पोरगी आधी सावकाश, जणू विचारत विचारत वाजवत होती. मग लेझमा खणखणल्या तशी तिनं लय वाढवली, मधेच अडवून धरली, आणि सगळ्या मुली तिच्या हाताकडं बघत पाय उचलायला लागल्या. समोर खुर्च्यांवर बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती. ज्यांच्या दारात खंडूच्या बापाला उभं राहून वाजवावं लागलं, त्यांचीच ही पोरं-नातवंडं.

"डोळ्यात काय गेलं?" केशरबाईनं विचारलं.

"धूळ किती उडवत्यात पोरी," खंडू म्हणाला.

खंडूचा बाप जानकू. गावात त्याच्यासारखी हलगी कुणाची नव्हती असं म्हणत. यात्रेत पालखी देवळाबाहेर निघाली की पुढं जानकू. वाजवायचं, पण पालखीच्या सावलीत यायचं नाही. वाजवून झालं की देवळाच्या मागं लांब बसायचं आणि वरून टाकलेली भाकरी पदरात झेलायची. हे काम हौसेचं नव्हतं, गावकीचं होतं. मेलेलं ढोर ओढण्यासारखंच ते वाट्याला आलेलं.

धम्मदीक्षा झाली तशी वस्तीनं ठरवलं, यातलं काही करायचं नाही. देव नदीत सोडले. जानकूनं हलगी अंगणात ठेवली, कुऱ्हाडीनं फोडली आणि तिचं लाकडी कडं चुलीत सारलं. पुढच्या यात्रेला गावातून बोलावणं आलं. जानकूनं हात जोडून नाही म्हटलं. मग गिरणीत दळण बंद झालं, दुकानात मीठमिरची बंद झाली, कुणाच्या बांधावर काम मिळेना. वस्तीनं ते सोसलं. खंडू ही गोष्ट पोरांना ताठ मानेनं सांगायचा. एक भाग तेवढा गाळायचा. हलगी फुटली तेव्हा सहा वर्षांचा खंडू हमसून हमसून रडला होता. गावकी-बिवकी त्याला काय कळणार? त्याची हलगी गेली होती. जानकूनं त्याच्या थोबाडीत दिली, आणि मग भिंतीकडं तोंड करून स्वतःच रडत बसला.

खंडू शिकला, नारायणगावला एसटी डेपोत मेकॅनिक झाला, वस्तीवर पक्कं घर बांधलं. हलगीला त्यानं जन्मात हात लावला नाही. लग्नाच्या वरातीत कुठं वाजायला लागली तर तो जागा बदलून बसायचा. लोकांना वाटायचं, याला आवाज सोसत नाही.

त्याचा मुलगा संघर्ष आणि सून चाकणला कंपनीत. प्रज्ञा शाळेसाठी आजी-आजोबांजवळ राहिलेली. त्या रात्री जेवताना केशरबाईनंच विषय काढला.

"अवो, तुमी काय बोलंनात. संघर्षच्या बापानं हलगी ऐकून घेतली म्हंजे नवलच."

"शाळंतलं हाय ते," खंडू ताटात बघत म्हणाला. "स्टेजवर वाजवलं. खाली बसून लोकांनी ऐकलं. त्यात काय वाईट हाय?"

"आबा, खरंच आवडलं?" प्रज्ञानं विचारलं.

"डाव्या हाताची काडी जरा ढिली धर," तो म्हणाला. केशरबाई घास हातात धरून बघतच राहिली.

ते दिवस घराला चांगले गेले. शाळा सुटल्यावर पथकाची तालीम चाले. खंडू आणायला जायचा तो तालीम संपायच्या बराच आधी, आणि मैदानाच्या कडेला बाभळीखाली टेकायचा. तालुक्याच्या स्पर्धेत पथक पहिलं आलं. जिल्ह्याला जायचं ठरलं. पथकाच्या प्रतिभा मॅडम खंडूला म्हणाल्या, "आजोबा, ही मुलगी म्हणजे आमच्या पथकाचा जीव आहे." खंडूनं तो निरोप त्याच संध्याकाळी फोन करून चाकणला पोचवला.

मग माघातली यात्रा आली. दादाभाऊ यात्रा कमिटीचा अध्यक्ष आणि शाळेच्याही कमिटीवर. माणूस वाईट नाही. वस्तीवर कुणी आजारी पडलं तर गाडी काढणारा. तो खंडूला चावडीपाशी भेटला.

"राम राम, खंडूभाऊ."

"जय भीम."

"यंदा डीजे बंद बरं का! शाळंच्या पोरींचं पथक घालतोय पालखीपुढं. आन् तुमची नात हलगीवर! राव, म्हातारी माणसं काय म्हनत्यात माहितीये? जानकूनंतर आत्ता कुठं गावाला हलगी मिळाली."

दादाभाऊचा चेहरा खरोखर आनंदानं फुलला होता. खंडू बाजाराची पिशवी रिकामीच घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. प्रतिभा मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, प्रज्ञा पालखीपुढं वाजवणार न्हाई. जिल्ह्याला येईल, २६ जानेवारीला वाजवली तशी कुठंबी वाजवील. पालखीपुढं न्हाई."

"पण आजोबा, आता कोण मानतं तसलं? पथकात सगळ्या घरच्या मुली आहेत. एकीला एक, दुसरीला एक असं मी कधी केलेलं नाही."

"मग एक करा. त्या दिवसापुरती हलगी पथकातल्या अक्षदाला द्या. लेझीम प्रज्ञाला. ती नाचंल की पालखीपुढं, माझी ना न्हाई."

मॅडम हसल्या. "अक्षदाला येते थोडी. पण प्रज्ञाच्या हातात ते उपजतच आहे हो. रक्तातच असतं ते."

खंडूनं कप खाली ठेवला. मॅडमचं हसणं हळूहळू विरलं. आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण त्या घाईनं म्हणाल्या, "बघते मी. अक्षदाच्या घरी विचारते. त्यात काय अवघड आहे?"

अवघड होतं. अक्षदाची आजी प्रयागबाई दुसऱ्याच दिवशी तालमीच्या वेळी तरातरा मैदानावर आली.

"मॅडम, आमच्या पोरीच्या गळ्यात हलगी? आवो, स्पर्धेत वाजवा नायतर टीव्हीवर वाजवा. पन गावदेवाच्या पालखीपुढं? आमच्या घरात कुनी वाजवली न्हाई. सोयरे येत्यात यात्रेला. उद्या पोरीचं लग्न जमवायचंय आमाला."

"अहो आजी, हळू बोला."

"हळू कशापायी? ज्येचं काम त्येनं करावं. ती प्रज्ञा वाजवती की ग्वाड!"

प्रयागबाई भांडत नव्हती. उलट बोलता बोलता तिनं प्रज्ञाच्या पाठीवरून हात फिरवला. कडेला बाभळीखाली खंडू बसला होता. तो तिला दिसला नाही, किंवा दिसूनही काही वाटलं नाही. अक्षदा खाली मान घालून लेझमीची साखळी बोटात गुंडाळत होती.

प्रज्ञानं गळ्यातली हलगी काढली. टिपरू आणि काडी वर ठेवली आणि सगळं नीट मॅडमच्या हातात दिलं. आदळलं नाही, रडली नाही. "मी जाते, मॅडम," म्हणाली आणि दप्तर घेऊन आजोबांकडं आली.

वाटेत ती पुढं पुढं चालत राहिली. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आबा, ते मागं बसून भाकरी झेलायचं... ते खरंच तसं होतं?"

"खरंच व्हतं, बाय."

यात्रेला पालखीपुढं शेवटी डीजेच लागला. वस्तीवरच्या घरांची पत्र्याची दारं दिवसभर थरथरत होती. प्रज्ञा आतल्या खोलीत गणितं सोडवत होती.

जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली तशा प्रतिभा मॅडम घरी आल्या. केशरबाईनं पाणी दिलं, चहा टाकला. मॅडम पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "माझं चुकलं. इथं लहानाची मोठी झाले, तरी मला कळू नये? आजोबा, पालखीचं नाव नाही काढणार पुन्हा कधी. पुण्याला स्पर्धा आहे, मोठ्या सभागृहात. तिला पाठवा."

"पाठवतो की," खंडू लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की केशरबाईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "प्रज्ञा, जायचं तू. आम्ही दोघंबी येतो. तुझ्या बाला रजा काढायला सांगतो."

प्रज्ञा दारात उभी होती. "मी विज्ञान मंडळात नाव दिलंय, मॅडम. आम्हाला खोडदला दुर्बीण बघायला नेणार आहेत."

"दोन्ही करता येईल गं."

"नको. मी परवा तालमीत एकदा हलगी घेऊन बघितली, तुम्ही नव्हता तेव्हा. हात उचलला की वाटतं, बघणारे मनात तेच म्हणत असतील. ग्वाड वाजवती म्हणून. मग लय चुकते."

"म्हनू दे की!" खंडूचा आवाज चढला. "म्हननाऱ्याचं तोंड धरायचं का आपन? तुझा हात हाय तो. तुझा सोताचा."

"आबा, पणजोबांनी सोडली ते बरोबर होतं ना?"

"व्हतं."

"मग मी सोडली तर तुम्ही का रडताय?"

खंडूनं उपरण्यानं तोंड पुसलं. जानकूनं नको म्हटलं होतं, गाव उलटलं तरी नको म्हटलं होतं. त्या नको म्हणण्यावर हे घर उभं होतं. आता नातीला तो कोणत्या तोंडानं म्हणणार होता, की पोरी, तू नको म्हणू नकोस? आणि या सगळ्यात त्या वाजवण्याचा काय गुन्हा होता, हेही त्याला कुणाला विचारता येत नव्हतं.

मॅडमला सोडायला तो अंगणाच्या फाटकापर्यंत गेला.

"सोमवारपर्यंत वाट बघू का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. दुसरी कुनी बघा."

"दुसरी कुणी नाही, आजोबा."

"मग टेपवर लावा," खंडू म्हणाला आणि फाटकाला कडी घातली.

जिल्ह्याला पथक टेपवर नाचलं. कितवं आलं ते त्यानं कुणाला विचारलं नाही. शाळा सुटल्यावर तो अजूनही नातीला आणायला जातो, पण फाटकाबाहेरच थांबतो. मैदानावर आता दुसऱ्या वर्गाच्या मुली तालीम करतात. प्रज्ञा बाहेर येते, दप्तर त्याच्याकडं देते आणि गुरूच्या चंद्रांबद्दल सांगायला लागते. तो मन लावून ऐकतो, मधे मधे विचारतो. आणि त्याचा कान मैदानाकडं जाऊ नये म्हणून पोरगी जरा मोठ्यानं बोलते.