दार वाजतं तिथे संपणारा सिनेमा

आमच्या काकांचं सिनेमाविषयीचं मत ऐकायचं तर जरा पुढे वाकावं लागायचं. त्यांचा धंदा सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचा, आणि काम करताना तोंडात बारीक खिळे धरायची त्यांची सवय. एकेक खिळा ओठांवर यायचा, तिथून चुंबकी हातोडीच्या टोकाला चिकटायचा आणि लाकडात जायचा. त्या मधल्या फटीतून मतं बाहेर पडायची. गिऱ्हाईक यायचं खुर्चीची गादी बसली म्हणून, आणि परत जायचं ते शुक्रवारी कुठला सिनेमा अजिबात बघायचा नाही हे पक्कं करून.

मतं कसली, फर्मानंच ती. सिनेमातल्या गरिबाच्या घरात नवाकोरा सोफा दिसला की काकांच्या लेखी तो सिनेमा खोटा. मग त्यात नायिका कितीही रडू दे. खलनायकाच्या घरात कायम चामड्याचा सोफा असतो, पण तो त्याला पाठ टेकून कधी बसत नाही, उगाच उभा राहून बोलतो, हा त्यांचा जुना आक्षेप. येणाऱ्या सिनेमांचा निकाल तर ते दुकानासमोरच्या भिंतीवरची पोस्टरं बघूनच लावायचे. नायक पाठमोरा दिसला की म्हणायचे, चेहऱ्यावर दाखवण्यासारखं काही नसणार. मी फोनवर ट्रेलर दाखवला तर फोन हातभर लांब धरून बघायचे आणि परत देताना म्हणायचे, "ज्याच्याकडे गोष्ट असते तो एवढ्या गाड्या उडवत नाही." कुठल्याही सिनेमाचा दुसरा भाग येणार म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. पहिल्या भागात सांगायचं राहून गेलं असेल तर तो सिनेमा कच्चा, आणि राहिलं नसेल तर आता काय सांगणार? यातले निम्मे निकाल साफ चुकायचे. काकांनी मोडीत काढलेले सिनेमे महिनोन् महिने चालायचे. मग दोष लोकांचा.

पण एका सिनेमाबद्दल बोलताना मात्र ते तोंडातले खिळे काढून डबीत ठेवायचे. आमच्या घरात त्याला नाव नव्हतं, नुसतं 'दाराचा सिनेमा' म्हटलं की कळायचं. काका तरुण असताना तो आला, आणि गावातल्या जुन्या थिएटरात इतका चालला की नंतर दर उन्हाळ्यात पुन्हा लागायचा. गोष्ट साधी. बापलेकाचं भांडण होतं, मुलगा घर सोडून दूरच्या बंदरावर कामाला जातो. बाप हट्टी. तो बोलवायला जात नाही, पण रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसतो. वर्षं जातात. शेवटी एका संध्याकाळी दार वाजतं. बाप उठतो, त्याचा हात कडीकडे जातो, आणि सिनेमा संपतो.

"शेवट कुठे करायचा हे कळायला अक्कल लागते," काका म्हणायचे. हल्लीच्या लोकांनी दार उघडून दाखवलं असतं, दोघांना गळ्यात गळे घालून रडायला लावलं असतं, वर एक गाणंही टाकलं असतं. हा दिग्दर्शक थांबला. पोर आलं, एवढं पुरे. आणि यातून ते जो धडा काढायचे तो घरातल्या सगळ्यांना पाठ होता. बापाने जायचं नसतं, बापाने वाट बघायची असते. पोर येतंच.

हे ऐकून काकू उठून आत जायच्या, कारण त्यांना ठाऊक होतं की बोलणं सिनेमाबद्दल चाललेलं नाही. काकांची एकुलती एक मुलगी, माझी चुलतबहीण, जिला मी ताई म्हणते, ती काकांच्या हाताखाली तयार झालेली. तिचा हात काकांपेक्षाही सफाईदार होता आणि दुकान तिचंच होणार हे काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने मात्र तयार फर्निचर करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. तेही दुसऱ्या शहरात, आणि तेही अशा कारखान्यात, ज्याच्या सोफ्यांना काका 'पुठ्ठ्याचे सोफे' म्हणत. जाताना दोघांची जुंपली ती गल्लीला ऐकू गेली. जाते आहेस तर जा, परत यायचं तर तुझ्या पायांनी यायचं, मी बोलवायला येणार नाही, असं काका म्हणाले. ताईही त्यांचीच मुलगी. ती गेली. पुढे तिकडेच तिचं लग्न झालं. बोलावणं फोनवर केलं म्हणून काका गेले नाहीत. तिला मुलगी झाली, तेव्हा काकू जाऊन राहून आल्या. काका त्या नातीला ओळखत होते ते काकूंच्या फोनमधून येणाऱ्या आवाजावरून. फोन आला की ते नेमके शेजारच्याच खोलीत काहीतरी शोधत असायचे, आणि फोन संपला की ते हरवलेलं काही सापडलेलं नसायचं.

आम्ही सगळ्यांनी त्यांना समजावून पाहिलं. माझ्या वडिलांनी तर हात टेकले. काकांचं उत्तर एकच, आणि ते त्या सिनेमातलं.

अशात बातमी आली की दाराचा सिनेमा पुन्हा लागणार आहे. जुनी प्रत शोधून, धुऊनपुसून, आवाज स्वच्छ करून नव्या मॉलमधल्या थिएटरात दाखवणार होते. मीच काकांना ते सांगितलं. त्यांनी तोंडातले खिळे डबीत ठेवले आणि ते म्हणाले, सगळे जाऊ. दुकानात रोज येऊन बसणारा त्यांचा मित्र होता. जुन्या थिएटरात सिनेमे लावायचं काम त्याने जन्मभर केलेलं, म्हणून थिएटर पाडल्यावरही सगळे त्याला ऑपरेटरच म्हणत. काकांनी त्याला पहिलं तिकीट देऊ केलं. तो म्हणाला, गुडघा दुखतोय. काका म्हणाले, तिथे सरकता जिना आहे. तो म्हणाला, सरकत्या जिन्याची भीती वाटते. या माणसाने हयात थिएटरच्या माळ्यावरच्या खोलीत शिडी चढून काढली होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण आली नाही.

थिएटर अर्धं आमच्या गावच्या जुन्या माणसांनी भरलं होतं आणि अर्धं कॉलेजच्या पोरांनी. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पहिल्या दृश्यापासून ते काकूंच्या कानात पुढचं वाक्य आधीच सांगत होते. काकूंनी दोनदा कोपर मारलं. शेवट जवळ आला तसे मात्र ते गप्प झाले. बाप खुर्चीत बसला. दार वाजलं. बाप उठला, हात कडीकडे गेला.

आणि आमच्या गावची सगळी जुनी माणसं उठून उभी राहिली. कुणी चपला शोधत होतं, कुणी पिशवी खांद्याला लावत होतं, कुणी डोळे पुसत होतं. जुन्या थिएटरात इथेच दिवे लागायचे.

दिवे लागले नाहीत. पडद्यावरच्या हाताने कडी काढली.

मागची पोरं ओरडायला लागली, खाली बसा, दिसत नाही. पण कुणी बसेना. मी शेजारी बघितलं, काका अर्धवट उठलेले, एक हात पुढच्या खुर्चीवर, तोंड उघडं. दार उघडलं तेव्हा बाहेर मुलगा नव्हताच. एक अनोळखी म्हातारी बाई उभी होती, बंदरावर ज्या घरात मुलगा राहायचा त्या घराची मालकीण. तिच्या पायाशी मुलाची ट्रंक. मुलगा गेल्या हिवाळ्यात तापाने गेला, असं तिने सांगितलं. बापाने विचारलं, काही म्हणाला का. ती म्हणाली, "रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसायचा. म्हणायचा, बाबा येतील."

त्यानंतरही सिनेमा बराच वेळ चालू होता. बाप ती ट्रंक उचलून आत आणतो, त्याला ती उचलत नाही, असं काहीतरी होतं. मी धड बघितलं नाही. मी काकांकडे बघत होते. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मला वाटलं, आता यांनाच उचलून न्यावं लागणार. खरे दिवे लागले तेव्हा गावची ती सगळी माणसं जिथल्या तिथे उभी होती आणि एकमेकांकडे बघत होती. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट फक्त आम्हाला ठाऊक नव्हती.

काका तिथून तडक ऑपरेटरच्या घरी गेले. आम्ही मागे धावलो. ऑपरेटर खाटेवर बसला होता, गुडघा ठणठणीत दिसत होता. काकांना दारात बघून त्याने मान खाली घातली. काकांनी एवढंच विचारलं, शेवट कुणी कापला?

कुणी नाही, तो म्हणाला. कापला नव्हता, दाखवला नव्हता. सिनेमा लांब होता. मालकाला दिवसाला एक खेळ जास्त बसवायचा होता, आणि दोन खेळांच्या मध्ये झाडायला वेळ उरत नव्हता. शेवटचं रीळ लावू नको, असं मालक म्हणाला. दार वाजतं तिथे बरं थांबतं, कुणाला कळणार नाही.

"झाडायला?" काका म्हणाले.

"खाली फार कचरा व्हायचा," ऑपरेटर म्हणाला.

माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. इतकी वर्षं हा माणूस काकांच्या दुकानात रोज बसत होता. त्या शेवटाचं कौतुक, ती दिग्दर्शकाची अक्कल, तो बापाचा धडा, सगळं त्याने चहाबरोबर ऐकून घेतलं होतं आणि मूग गिळून बसला होता. मी त्याला तसं तोंडावर म्हटलं. तो काकांकडे बघून म्हणाला, "तुला तो शेवट एवढा आवडायचा. मला वाटलं, सिनेमाच तर आहे."

काकांनी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. ते वळले आणि काकूंना म्हणाले, "तिचं घर तुला माहीत आहे ना? चल."

आम्ही जी बस मिळाली ती धरली. काका खिडकीशी बसले आणि सबंध रस्ता एकाही पोस्टरबद्दल बोलले नाहीत. मध्येच त्यांनी काकूंना विचारलं, ताईची तब्येत बरी असते ना. काकू म्हणाल्या, अहो, परवाच तर बोलले, अगदी ठणठणीत आहे. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा काकूंनी उत्तर न देता त्यांचा हात धरला. मी ताईला फोन करून सांगावं म्हणाले, तर काका नको म्हणाले. फोनवर नाही, समोर येऊन बोलायचं, असं त्यांचंच म्हणणं होतं ना.

जिना चढून आम्ही दार वाजवलं. ताईने उघडलं. हाताला कापडाचे धागे चिकटलेले, म्हणजे घरीही तिचं काम चालू होतं. तिने आधी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काका दिसल्यावर तिचा रंगच उडाला. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. तिने विचारलंही, काय झालं, कोण? कुणी नाही, कुणी नाही, असं आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

काका म्हणाले, "तो सिनेमा बघून आलो. शेवट वेगळाच आहे गं त्याचा. मुलगा येतच नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "इथे आले त्या पहिल्याच वर्षी टीव्हीवर लागला होता. सबंध बघितला मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

ताईचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "सांगायचं काय, बाबा? तुमचा आवडता सिनेमा तो. लहानपणी मला सांगताना तुम्ही दार वाजतं तिथे थांबायचात, मला वाटायचं, मी लहान म्हणून थांबता. मग सबंध बघितला आणि वाटलं, यांना हे सगळं ठाऊक आहे. तो मुलगा वाट बघून मेला हे ठाऊक आहे. आणि तरी हे येत नाहीत."

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मला एकदम कळलं की ताई का एकदाही आली नव्हती.

"मला ठाऊक नव्हतं," काका म्हणाले. "आमच्याकडे दाखवलंच नाही पुढचं."

ताईला ते आधी खरं वाटेना. तिने काकूंकडे बघितलं, काकूंनी मान हलवली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला शेवटच्या रिळाचं आणि कचरा झाडण्याचं सगळं सांगितलं, कारण कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊकच नव्हतं," ताई म्हणाली, आणि ती तिथेच उंबऱ्यात खाली बसली. काकाही तिच्यासमोर जिन्याच्या पायरीवर बसले.