पोकळ फेरा

तळ्याच्या तोंडाशी काँक्रीटचा एक बुटका बांध, त्यात लोखंडी दार आणि दारावर हाताने फिरवायचं मोठं चाक. चाक फिरवलं की दार खाली उतरतं, पाणी अडतं आणि ओढ्याकाठची घरं कोरडी राहतात. एवढंच काम. पण सत्तावीस वर्षं तेच करून बघा, म्हणजे कळेल! चाकवाल्याचा उजवा खांदा पार कामातून गेला होता. केससुद्धा तो डाव्या हाताने विंचरायचा.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्याआधी बिंग फुटलं, तर नोकरी जाणार आणि तिच्यासोबत बांधालगतच्या या दोन खोल्याही. म्हणून दोन वर्षं चाक त्याची बायको फिरवत होती. तो शेजारी उभा राहून नुसते फेरे मोजायचा.

तळं चढलं होतं त्या दुपारी खात्याचे नवे साहेब न सांगता उगवले. "वीस फेरे द्या, बघू." बायकोला त्याने डोळ्यांनीच दटावलं. ती मुकाट आत जाऊन भांडी घासायला लागली.

आठ. नऊ. घामाने शर्ट पाठीला चिकटला. दहा. पुढचा फेरा नेहमीसारखा पोकळ. आतली चक्री झिजलेली, त्यामुळे चाक फिरायचं, पण दार तसूभर हलायचं नाही. तो फेरा मोजायचा नाही, हे नवराबायकोचं ठरलेलं. पण दुखण्यापुढे त्याचं डोकंच चालेना.

"अकरा," तो म्हणाला.

"अहो, तो धरू नका! हाताला हलका नाही का लागला?" आतून आवाज आला.

साहेब वळले. "हाताला? तुम्हाला काय माहीत?"

ती दारात आली. साहेबांनी तिच्या तळव्यांकडे पाहिलं. घट्टे तिच्याच हातांना होते.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

साहेब काही वाईट नव्हते. "मला लिहावं लागेल हो," ते पडेल आवाजात म्हणाले. चाकवाला कठड्यावर मटकन बसला. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

बायकोने हात पुसले आणि चाक धरलं. "लिहा, साहेब. पण दहा राहिलेत अजून. खालच्यांच्या घरात पाणी शिरेल."

"अकरा," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "बारा."

साहेबांनी कागद काढला होता, पण वीस होईपर्यंत त्यांनी पेन उघडलं नाही.