आठ नंबरचा रपटा

बातमी आली त्या दिवशी मंगळवार होता. आमच्या कमिटीत, म्हणजे गावच्या म्युनिसिपालिटीत, मी पुढच्या सालच्या कामांची यादी स्वच्छ कागदावर उतरवत होतो. सहाव्या नंबरला बाजारातले ओटे, सातव्याला दिव्यांचे खांब, आठव्याला कोंडवाड्याची दुरुस्ती. ‘कोंडवाड्या’तला ‘ड्या’ लिहून झाला आणि दारात सुकरूभाऊ दिसले. ते ढीवर मोहल्ल्याचे, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीचे, मेंबर. कमरेपर्यंत भिजलेले होते.

“भाऊ, चाला,” ते म्हणाले.

“कुठी?”

“नाल्यावर. बाईचा पाय घसरला.”

बाई म्हणजे इंदू, माझी बायको. नाल्यापलीकडे ढीवर मोहल्ल्यात प्राथमिक शाळा होती, तिथं ती सात वर्षं शिकवत होती. रोज दगडांवरून पाय टाकत जायची आणि यायची. आम्ही पोचेपर्यंत लोकांनी तिला काठावर आणून ठेवलं होतं.

यापुढे मी त्या दिवसाविषयी लिहिणार नाही. मला किस्से सांगायचे आहेत.

ऑफिसात किस्से रद्दीसारखे साठतात. पूर्वी माझ्याकडे साठत नसत, कारण रोज संध्याकाळी मी ते घरी नेऊन रिकामे करत असे. इंदू भाकरी थापता थापता ऐकायची आणि हसू आलं की पीठभरल्या हातानंच पदर तोंडाला लावायची. आता ते तसेच पडून आहेत. म्हणून इथं लिहितो. गावाचं नाव सांगत नाही. चामोर्शीच्या वाटेवर कुठेतरी आहे, एवढं पुरे.

*

आमच्याकडे गावाची आखणी करणारी एक समिती होती. वर्षातून एकदा बसायचं, पुढच्या साली कोणती कामं करायची ते ठरवायचं आणि त्यांना नंबर द्यायचे. अध्यक्ष आबाजी, जुने मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार. मालगुजारी गेली तरी खुर्चीत बसण्याची पद्धत गेली नव्हती.

आबाजींचा नियम होता, सात कामं झाली की चहा. चहाबरोबर चिवडा. चिवडा संपला की मेंबर हात झटकत उठायचे ते थेट घरी. आठव्या कामाला खुर्च्या, मी आणि सुकरूभाऊ एवढेच उरायचे.

आणि आठवं काम दरसाल एकच, नाल्यावरचा रपटा. रपटा म्हणजे काही पूल नव्हे. नाल्याच्या तळाशी दगडचुन्याची बुटकी वाट बांधायची, वरून थोडं पाणी गेलं तरी माणसाचा पाय टिकतो. एवढंच.

तिसऱ्या साली सुकरूभाऊ रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून म्हणाले, “लोकाइले मांजर आडवी जाते. आमच्या रपट्याले चाय आडवी येते!”

*

एका साली सगळ्यांनाच आपलं काम पहिल्या नंबरवर हवं होतं. दोन तास भांडण झालं. बाजारवाले मेंबर म्हणाले, ओटे एक नंबर. गटारवाले म्हणाले, गटार एक नंबर. शेवटी आबाजींनी टेबलावर हात आपटला.

“सगळेच एक नंबर! लिहा हो. एक, एक-अ, एक-ब, एक-क...”

मी लिहीत गेलो. ड, इ, फ झाले आणि चहा आला.

सुकरूभाऊंनी जाता जाता आबाजींना दारात गाठलं. “मालक, आमचं कोणतं?”

“एक-ग,” आबाजी म्हणाले.

“ग म्हंजे?”

मागून कोणीतरी बोललं, “ग म्हंजे गप!”

मेंबर हसत हसत पायऱ्या उतरले. सुकरूभाऊसुद्धा हसले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. घरी सांगितलं तेव्हा इंदू मात्र हसली नाही. “त्यांना तिथंच उत्तर द्यायला कोणी नव्हतं का?” एवढंच म्हणाली. तिथं मी होतो.

*

मग नकाशाचं साल आलं. गावाचा रंगीत नकाशा असल्याशिवाय आखणी व्हायची नाही असं वरून पत्र आलं. नागपूरहून एक रंगवणारे गृहस्थ आले. चार दिवस व्हरांड्यात बसून त्यांनी सुंदर नकाशा काढला. फक्त आमच्या गावचा तलाव मोठा. त्यांचा निळा रंग तलावातच संपला! नाल्यापाशी आल्यावर त्यांच्याकडे हिरवाच उरला होता. त्यांनी नाला हिरवा रंगवला.

मीटिंगमध्ये नकाशा भिंतीवर लागला. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘हिरवा : बागबगीचे’.

आबाजींनी चष्मा लावून पाहिलं आणि खूश झाले. “ढीवर मोहल्ल्यापाशी एवढी लांब बाग हाय?”

सुकरूभाऊ म्हणाले, “हाय ना मालक. सावनात त्या बागेत मासोळ्याबी धरतो आमी!”

तो नकाशा तसाच मंजूर झाला. नंतर कित्येक दिवस इंदू शाळेतून आली की लुगड्याचा ओला काठ पिळत म्हणायची, “आज तुमच्या बागेत गुडघाभर पाणी होतं.”

तिनं रपट्याविषयी मला सरळ एकदाच सांगितलं. “नंबर तुम्हीच लिहिता ना? तो आठाचा तीन करा. शाळेत अठ्ठावीस पोरं आहेत, त्यांतली दहा अलीकडची आहेत. भर पाण्यात मी एकेकाला कडेवर घेऊन नेते.”

मी म्हणालो, “नंबर मेंबर देतात. मी फक्त लिहितो. आणि तू त्या वाटेनं जातेस, त्यामुळे लोक म्हणतील, बाबूनं घरचं काम वर घेतलं.”

ती “बरं” म्हणाली.

*

विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढच्या साली आमच्याकडे पुण्याकडचे चीफ ऑफिसर आले. माणूस सज्जन. वेळेवर यायचे, कोणाचा पान-सुपारीचा तुकडासुद्धा घ्यायचे नाहीत. आणि चहा पीत नसत! त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं, “चहा सगळी कामं संपल्यावर.”

मेंबरांचे चेहरे पडले. पण त्यामुळे माझ्या नोकरीत पहिल्यांदा आठव्या नंबरचं काम मीटिंगपुढे आलं. सुकरूभाऊ खुर्चीत ताठ बसले. त्या साली वरून तंबी आल्यामुळे रपट्याला मंजुरी मिळालेली होती. काम कुठवर आलं एवढंच विचारायचं होतं.

साहेबांनी ओव्हरसियरकडे पाहिलं. हे आमचे गणपतराव. इथलेच, झाडीपट्टीतले. कामाला मंद, पण मनानं सरळ.

“आठ नंबर, नाल्यावरचा रपटा. काय स्थिती?”

गणपतराव उभे राहिले. “बांधून राह्यलो ना साहेब!”

आमच्याकडे ‘जेवून राह्यलो’ म्हणजे माणूस अजून ताटावर आहे. ‘येऊन राह्यलो’ म्हणजे तो कदाचित घरून निघालासुद्धा नसेल. गणपतरावांच्या ‘बांधून राह्यलो’चा अर्थ एवढाच, की गोटे कुठून आणायचे त्याचा विचार चालू आहे.

साहेबांनी अर्थ लावला, बांधून मोकळे झालो.

“बांधून राहिलात? वा! हे एक काम तरी वेळेत झालं. लिहा, पूर्ण.”

सुकरूभाऊंना मान डोलावताना मी पाहिलं. गणपतराव उत्साहानं जे म्हणाले, तेवढंच त्यांनी ऐकलं होतं. साहेबांचं पुस्तकी ‘पूर्ण’ त्यांच्या कानावरून गेलं. खोलीत दोन्ही भाषा नीट समजणारा मी एकटाच होतो.

भर मीटिंगमध्ये साहेबांना टोकणं मला बरं वाटलं नाही. मागाहून दुरुस्तीची चिठ्ठी लावता येते. चार ओळींचा मजकूर आणि खाली सही, ती रजिस्टरच्या त्या पानाला डिंकानं चिकटवायची. मी लिहिलं, ‘पूर्ण’.

दुसऱ्या दिवशी मी गणपतरावांना गाठलं. “अहो, तुमच्या बोलण्यावर साहेबांनी काम पुरं झालं म्हणून लिहवलं!”

ते चक्रावले. “आँ? मले वाटलं, साहेब माह्यावर खूश झाले!”

मग म्हणाले, “मी कसा सांगू आता? तुमी चिठ्ठी लावून टाका ना, बाबू.”

हा किस्सा इंदूला मी अगदी नक्कल करून सांगितला. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. भाकरी तव्यावर करपली. मग डोळे पुसत म्हणाली, “पण चिठ्ठी लावा बरं उद्याच.”

नंतर तिनं दोनदा विचारलं. एकदा मी म्हणालो, साहेब दौऱ्यावर आहेत. एकदा म्हणालो, साहेबांचा मूड पाहून सांगतो. त्यानंतर तिनं विचारलं नाही. पुढे यादी करताना पूर्ण झालेली कामं आपोआप गळाली आणि आठव्या नंबरला कोंडवाडा आला.

*

आता शेवटचा.

इंदू गेल्यावर पंधरा दिवसांनी समितीची मीटिंग झाली. आधी दुखवट्याचा ठराव. तो लिहायचाही मलाच होता. साहेब म्हणाले, “आज दुसऱ्या कोणाला लिहू द्या.” मी नको म्हणालो. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. चिवड्यावरून भांडणारे मेंबरसुद्धा खाली मान घालून उभे होते.

बसल्यावर सुकरूभाऊ बोलले. “मालक, आता तरी आमचा रपटा पयल्या नंबरवर घ्या.”

“घ्या,” आबाजी लगेच म्हणाले. “बाईच्या नावानं घ्या. कोणाची ना नाई.”

कोणाचीच ना नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या कामावर समितीत भांडण झालं नाही.

साहेबांनी रजिस्टर उघडलं, पानं मागं उलटली आणि थांबले. त्यांना खरंच उलगडा होत नव्हता.

“पण हे काम तर झालेलं आहे. हे पाहा, आठ नंबर, पूर्ण.” त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. “अक्षर तुमचंच ना?”

“हो,” मी म्हणालो.

गणपतराव खिडकीबाहेर पाहत होते.

सुकरूभाऊंना वाचता येत नाही. ते उठून माझ्या खुर्चीपाशी आले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“काय लिवलं हाय, भाऊ?”

“रपटा बांधून झाला, असं लिहिलं आहे.”

त्यांनी बोट उचललं नाही. मग मला अगदी हळू विचारलं, “मंग बाई पडल्या कायच्यावरून?”

ते रजिस्टर अजून माझ्याच कपाटात आहे. दुरुस्तीची चिठ्ठी मी लावलेली नाही.