शिवम्मा आणि गॉलच्या चर्चमधल्या शिळा

शिवम्मा माझी उदगीरची शेजारीण. विभूती, कापूर, वाती विकायचं तिचं दुकान. जीभ अशी, की गिऱ्हाईक भाव करायला धजत नाही. तिला श्रीलंकेच्या सहलीला पाठवलं तिच्या मुलानं, वीरेशनं. सोबतीला मी, गोदावरी, निवृत्त मास्तरीण.

पोराचं प्रेम उगीच उतू गेलं नव्हतं. लातूर रोडच्या शेताला प्लॉटिंगवाला गिऱ्हाईक आला होता. शेत शिवम्माच्या नावावर, आणि त्याच शेताच्या बांधाला कडुलिंबाखाली तिचे मालक विरूपाक्षअप्पा पुरलेले. लिंगायतांत जाळत नाहीत. तळहातावर इष्टलिंग देऊन, बसवून पुरतात. दर सोमवारी शिवम्मा तिथं जायची, दगडाला विभूती लावायची आणि दुकानातली सगळी भांडणं नवऱ्याला सांगून यायची. वीरेश म्हणायचा, "अव्वा, समाधीचा दगड उचलून घराम्होरं बसवू. तितं लाव की विभूती." ती हो म्हणेना, नाही म्हणेना. लंकेहून आल्यावर सांगते, म्हणाली.

तर अशोकवाटिका झाली, देवळं झाली आणि शेवटी आम्हाला गॉलला आणलं. समुद्रात घुसलेला किल्ला आणि त्याच्या पोटात अख्खं गाव. पोर्तुगीज आले, मग डचांनी तट बांधले, मग इंग्रज. आता त्या जुन्या घरांतून कॉफी आणि आइस्क्रीम मिळतं. शिवम्मा पदर खोचून तटावरून हिंडली.

"लंकेत सोन्याच्या विटा म्हणतेत बाई," ती म्हणाली, "हितं तर समदा चुना हाय. अन् वास मासळीचा."

"नाक दाब आणि चल," मी म्हटलं. ऊन मी म्हणत होतं.

पुढं डचांचं जुनं चर्च लागलं. सगळे आत शिरले. शिवम्मा उंबऱ्यातच थांबली. आत फरशीभर मोठाल्या कोरीव शिळा, कशावर कवटी, कशावर घराण्याची खूण, खाली नावं.

"ह्ये काय रं?" तिनं आनंदराजला विचारलं. हा नांदेडचा पोरगा आमचा गाइड.

"थडग्याचे दगड हायत मावशी. डच लोकांचे."

"अन् ह्येंच्यावर पाय देऊन राहिले समदे?"

"अगं चल, सगळेच देतात," मी वैतागले.

"देऊ द्या. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर पाय द्यायला मला शिकवलं न्हाई कुणी."

आनंदराज समजुतीनं म्हणाला, "मावशी, लई मनावर घेऊ नका. बरेच दगड जुन्या कब्रस्तानातून उचलून हितं बसवलेत. खाली कुणी न्हाई."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. शिवम्मा मात्र त्याच्याकडं बघतच राहिली.

"अन् माणसं?"

"कुठली माणसं?"

"ज्यांचे दगड, ती."

"ती राहिली असतील तितंच."

"तितं आता काय हाय?"

"ते न्हाई म्हाईत मावशी," आनंदराज म्हणाला. प्रामाणिक पोरगा.

शिवम्मा पायरीवर बसली आणि रडायला लागली. चांगली मोठ्यानं. गोरे माना वळवून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात राख नदीत सोडली की विषय संपतो. दगडापायी एवढं काय, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "दगड घरी येईल. अन् आमच्या ह्येंच्या डोक्यावर कुणीतरी संडास बांधील."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

तिनं तिथूनच वीरेशला फोन लावला. स्पीकर बंद करायचा तिला कळत नाही, त्यामुळं सगळं सगळ्यांना ऐकू.

"शेत विकायचं न्हाई."

"अव्वा, येडी का काय तू? दगड आणतो म्हणलं की मी!"

"दगड आणशील. बापाला कुठून आणशील?"

"मग काय जन्मभर त्या लिंबाखाली जाणार हायेस का?"

शिवम्मानं पदरानं नाक पुसलं.

"जन्मभराचं कशाला बोलतोस? मेल्यावरचं बोल. त्यांच्या डाव्या अंगाला मी माझी जागा सोडून ठेवलीया. त्यांना पुरलं तवाच."

तिकडून आवाज येईना. फोन कटला असेल म्हणून मी वाकून बघितलं. चालू होता.

"अव्वा," वीरेश हळूच म्हणाला, "तू कधी बोलली न्हाईस."

"तू दगडाचं इचारलंस," शिवम्मा म्हणाली. "माझं कधी इचारलंस?"