सगळा हॉल एका रंगाचा

मी रसायनशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे बोलतो. पोरांना किती कळलं याची चौकशी करण्याच्या फंदात मी पडत नाही. आमच्या कॉलेजात त्या फंदात एकच बाई पडली, भौतिकशास्त्राची योगिनी बोकारे. तिचे वडील नागपूरहून सरकारी नोकरीबरोबर भोपाळला आले, ती इथेच वाढली, बाग सेवनियात राहते. दोनशेवर पोरं बसतील अशा हॉलमध्ये ती वर्षानुवर्षं शिकवत आली, पण कुणी कधी एक प्रश्न विचारला नाही. हे तिला खुपायचं. मला खुपत नाही, म्हणून मी सुखी.

गेल्या जुलैत तिनं नवऱ्याला, जयंतरावांना, कात्री घेऊन बसवलं आणि पुठ्ठ्याची लाल, पिवळी, हिरवी कार्डं कापून घेतली. प्रत्येक पोराला तिन्ही रंग. तासाच्या मध्येच ती प्रश्न विचारायची, तीन रंगांची तीन उत्तरं वाचून दाखवायची. पोरांनी शेजाऱ्याशी बोलायचं आणि पटेल ते कार्ड वर करायचं. सुरुवातीला रंगांची नुसती खिचडी व्हायची. पोरं वाद घालायची आणि बाई खूश.

दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली तीच उतरलेल्या चेहऱ्यानं.

"सर, आता कुणी चुकतच नाही."

"मग पेढे वाटा."

"अहो, आपसात बोलतही नाहीत. कितीही अवघड विचारा, सगळी कार्डं एकाच रंगाची. मला त्या हॉलची भीती वाटायला लागलीय. एकजण तरी स्वतःच्या डोक्यानं चुकलेला बघायचाय मला."

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्या हॉलच्या दाराशी बसलो. तिथून तीही दिसत होती आणि पोरंही.

फळ्यावरच्या प्रश्नाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे डोळे तिच्यावर खिळलेले. तिनं पहिलं उत्तर वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं, म्हणजे बरोबर उत्तर वाचताना तिचा हात नकळत चष्म्याकडे गेला आणि त्याच क्षणी सगळ्या हॉलची बोटं हिरव्या कार्डावर सरकली.

तास संपल्यावर मी तिला हे सांगितलं. तिचा विश्वास बसेना. पुढच्या तासाला मी पुन्हा दाराशी बसलो. तिनं विचारलं, हातातून सोडलेला दगड कुठे जाईल? आणि 'वर' हे उत्तर वाचताना मुद्दाम चष्म्याला हात लावला. सगळा हॉल पिवळा झाला. कुणी हसलं नाही, कुणी कुरकुरलंसुद्धा नाही.

तिनं फळ्यावर दुसरा प्रश्न लिहिला. वर फेकलेला चेंडू टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा त्याला काही ओढत असतं का? लाल म्हणजे नाही, हिरवं म्हणजे हो, खाली. पिवळं म्हणजे हो, वर. मग ती पायऱ्या चढून शेवटच्या बाकामागे जाऊन उभी राहिली.

"सामने देखो. सवाल पढ़ो."

मग एकेक मान मागे वळली. तिचा चेहरा शोधत सगळा हॉल उलटा बसला. मधल्या रांगेत ऋचा नावाची एकच मुलगी फळ्याकडे बघत होती. तिनं घाबरत लाल कार्ड वर केलं. उत्तर चूक होतं.

"शाबाश," योगिनी मागून ओरडली. "शाबाश, बेटा."

कार्डांची सळसळ झाली. सगळा हॉल लाल झाला आणि तिच्या होकाराची वाट बघत राहिला. मला उठून पळावंसं वाटलं.

ऋचाला यातलं काही दिसलं नव्हतं. कार्ड खाली ठेवून ती प्रश्न पुन्हा वाचत होती. योगिनी त्या उंचावलेल्या हातांमधून वाट काढत तिच्या शेजारी जाऊन बसली. माना तिच्यामागोमाग फिरत गेल्या.

"मॅडम," ऋचा हळूच म्हणाली, "कोई खींच नहीं रहा, तो गेंद वहीं क्यों नहीं रुक जाती?"

योगिनीनं आवाज सपाट ठेवला, चेहराही.

"पता नहीं. तू बता."